योबस्टला फेफरं येत असे

९ ऑक्टोबर १६०८, वोल्झिन

काल अंधार पडता पडता इथं पोचलो. आबांना जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. राजधानीत देवीची साथ आहे, धाकट्या राजांना तळ्याकाठच्या शिकारघरात ठेवलेलं बरं, असं दिवाण टेस्मार म्हणाले. दिवाण म्हणाले म्हणजे झालंच. योबस्ट वयात येईपर्यंत तोर्गेलिनचा कारभार त्यांच्याच हाती आहे.

माझा योबस्ट आता ड्यूक आहे. वय वर्षं आठ. वाटेत मला म्हणाला, “ताई, मी आता ड्यूक ना?”

“हो.”

“म्हणजे मी सांगितलं तर गाडी थांबेल?”

“थांबेल की. का रे?”

“मला शू लागलीय.”

आबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

आमचे वडील एक, आया वेगळ्या. माझी आई साध्या घरातली, त्यामुळे मला ना गादीवर हक्क, ना कुणा सरदाराचं स्थळ. त्याची आई राजकन्या. ती त्याला जन्म देऊनच गेली, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. दाईनं ते लाल गाठोडं माझ्या हातात दिलं आणि तेव्हापासून तो माझ्याच कडेवर आहे. लोक मागे म्हणतात, हेडविगचं लग्न झालं नाही ते या पोरापायी. म्हणोत. आपण काही गमावलं असं मला कधी वाटलं नाही.

घर गार आहे, धुराडी काजळीनं कोंदली आहेत. आमच्याबरोबर ट्रिने दाई आली आहे, तिची कुरकुर सुरू झाली. “ही काय राजाला ठेवायची जागा? इथं तर बेडकांना सर्दी व्हायची!”

२ नोव्हेंबर

आज पहाऱ्याची तुकडी आली. वीस शिपाई आणि त्यांचे कप्तान, लेव्हिन राडेक. पस्तिशीचे असतील. आवाज हळू. बाकीचे अधिकारी माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात, हे माझ्याकडे बघून बोलले. तेवढंच. पण लिहावंसं वाटलं.

योबस्टचे गुरुजीही राजधानीहून आले. पॅन्क्राट्स. तरुण, लांबोडके, लॅटिनमध्ये पक्के आणि बाकी सगळ्यात कच्चे. दुसऱ्या पंथाचे आहेत म्हणून स्वयंपाकघरातली माणसं त्यांना सूपसुद्धा तळाचं वाढतात. योबस्टला मात्र ते आवडतात. म्हणतो, “गुरुजी चुकलो तरी मारत नाहीत, नुसते दुःखी होतात. मग मलाच कसंतरी होतं.”

११ जानेवारी १६०९

तळं घट्ट गोठलं आहे. कप्तानांनी योबस्टसाठी हाडाच्या पट्ट्या घासून बुटांना बांधून दिल्या आणि त्याला बर्फावर घसरायला शिकवलं. दहादा आपटला, अकराव्यांदा पळाला. मी काठावर उभी राहून ओरडत होते.

कप्तान माझ्याजवळ येऊन म्हणाले, “राजांना फेफरं येतं म्हणे? मग बर्फावर जपायला हवं.”

मी सांगितलं, पाच वर्षांचा असताना तापात दोनदा आलं होतं. त्यानंतर कधीच नाही.

“पण आलं होतं.”

“तापात.”

“असं,” म्हणाले, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, पोहता येतं का? रोज इथं खेळायला येतात का? कुठल्या बाजूला?

माझ्या भावाची इतक्या आस्थेनं चौकशी करणारा हा पहिलाच माणूस. दरबारातल्यांना ड्यूक माहीत आहे, योबस्ट कुणाला माहीत आहे?

१८ फेब्रुवारी

दिवाण टेस्मार आले होते. जेवायला हरणाचं मांस, आंबवलेला कोबी, धुरावलेली बाम मासळी. योबस्ट शहाण्यासारखा वागत होता. मग एकाएकी काटा खाली ठेवून म्हणाला, “टेस्मारकाका, तुम्ही उत्तरेकडचं जंगल विकलंत?”

दिवाणांनी पेला खाली ठेवला.

“कुणी सांगितलं राजांना?”

“लाकूडतोडे सांगत होते. ते शेजारच्या ड्यूक ओस्वाल्डना विकलंत ना? पण जंगल तर माझं आहे. मी मोठा झालो की परत घेणार. आणि तुमचा हिशेब बघणार. आबा म्हणायचे, टेस्मारचा हिशेब एकदा बघायला हवा.”

दिवाण हसले. मग सगळे हसले. दिवाण सगळ्यांहून जास्त वेळ हसत राहिले आणि त्यांनी योबस्टच्या गालाला चिमटा काढला. “वाढतायत हो राजे! झपाट्यानं वाढतायत!”

ते गेल्यावर मी योबस्टला रागावले. तो म्हणाला, “खरं बोललं तर रागावतेस, खोटं बोललं तरी रागावतेस. तुझं काही कळत नाही, ताई.”

५ मार्च

आज मन ठिकाणावर नाही. वेगळ्या कारणानं.

लेव्हिन (कप्तान न लिहिता हे नाव लिहून बघितलं) म्हणाले, की त्यांना टेकडीपलीकडे एक घर मिळतंय. बाग आहे, मधमाश्या आहेत. “तुम्ही एकदा बघायला याल? बाईमाणसाच्या नजरेला जे दिसतं ते मला दिसत नाही.”

याचा अर्थ मला कळला. सत्तावीस वर्षांच्या बाईला कळतो.

मी म्हटलं, योबस्टला सोडून कशी येऊ? दुपारी गुरुजींची शिकवणी संपली की माझ्याशिवाय त्याच्याजवळ कुणी नसतं. दाईचे गुडघे चालत नाहीत.

“हेच तर,” ते म्हणाले. “तुम्हाला श्वास घ्यायला तरी मिळतो का? एका दुपारपुरतं गुरुजी बघतील. माझी माणसं असतीलच.”

ट्रिनेला सांगितलं तर ती म्हणाली, “आठ वर्षं सुकलीस, आता ओलावा दिसला की पाय घसरायचा. जपून हो!” म्हातारीला कुणाचं बरं बघवत नाही.

२१ मार्च

योबस्ट गेला.

२४ मार्च

लिहिते. नाहीतर डोक्यात तेच तेच गरगरत राहतं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर लेव्हिन घसरगाडी घेऊन आले. योबस्टला बरोबर यायचं होतं. मी नाही म्हटलं. का म्हटलं? एक दुपार मला माझ्यासाठी हवी होती. तो म्हणाला, “मी गाडीत अजिबात बोलणार नाही.” मी म्हटलं, “तू आणि अजिबात?” तो रुसून पाठ फिरवून उभा राहिला. त्याचा चेहरा मी बघितलाच नाही. गाडी निघाली तेव्हा त्याची पाठ दिसत होती.

घर चांगलं होतं. लेव्हिन खोल्या दाखवत होते. हे माजघर, हा कोठा. मला उशीर होतोय असं मी दोनदा म्हटलं, ते म्हणाले, अजून बाग राहिली. बर्फाखाली बाग काय बघायची? तरी मी बघितली. मला हसू येत होतं.

परत आलो तेव्हा माणसं तळ्यावर होती. ट्रिने काठावर गुडघ्यांवर बसली होती. दोन शिपाई सांगत होते, राजे घसरत होते, एकदम अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला, धाडकन पडले आणि कडेचा पातळ बर्फ फुटला. आम्ही धावलो पण बर्फ आमचं वजन पेलेना.

गुरुजी त्या वेळी तिथं नव्हते. त्यांचं म्हणणं, दिवाणांचा निरोप घेऊन स्वार आलाय असं फाटकावरून सांगणं आलं, म्हणून ते गेले. फाटकावर कुणीच नव्हतं. वाट बघून परत आले तो हे. पहारेकरी म्हणतात, असं सांगणं कुणी पाठवलंच नाही.

त्याला मी आणि ट्रिनेनं न्हाऊ घातलं. त्याच्या दोन्ही दंडांवर निळे वळ होते. ट्रिनेनं आपली बोटं एकेक करून त्या वळांवर ठेवली. बरोबर बसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मी लेव्हिनना विचारलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “बर्फाखालून ओढून काढलं ना त्यांना. ओढताना दंड धरावेच लागतात.”

बरोबर आहे. जोर तर लागणारच.

मी गेले नसते तर तो जिवंत असता. याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही.

२७ मार्च

गावातली माणसं कोयते घेऊन आली होती. कुणीतरी पसरवलंय की त्या पाखंडी मास्तरनं पोराला बुडवलं. गुरुजींना ओढत फाटकापर्यंत नेलं. लेव्हिननी हवेत बार काढून त्यांना सोडवलं आणि तळघरात कोंडलं. एक कान फाटला आहे.

ट्रिने अंगणात उभी राहून ओरडत होती, “फेफरं? कसलं फेफरं? तीन वर्षांत पोराला शिंकसुद्धा धड आली नाही! कोण म्हणतो फेफरं?” संध्याकाळच्या आत तिला गाडीत घालून तिच्या बहिणीकडे पाठवून दिलं. शोकानं डोकं फिरलंय म्हणाले. मला भेटूही दिलं नाही. लेव्हिन म्हणाले, तिच्याच भल्यासाठी. असं काहीबाही बोलली तर दिवाण तिला तुरुंगात टाकतील.

आता चौकशीला तीन पंच येणार आहेत.

३० मार्च

आज सकाळी लेव्हिन माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. म्हणाले, “हेडविग, तुमच्या हातात एका माणसाचा जीव आहे.”

त्यांनी समजावलं ते असं. फेफरं आलं असेल तर तो अपघात. आलं नसेल तर तो खून, आणि खून असेल तर फास गुरुजींच्याच गळ्यात पडणार, कारण दुसरं आहे कोण?

“पण गुरुजी असं करणार नाहीत!”

“मलाही तेच वाटतं. म्हणून तर सांगतोय. पंचांना एवढंच सांगा, की त्यांना फेफरं येत असे.”

“पण तीन वर्षांत नाही आलं.”

“कधी, ते कोण विचारतंय? येत असे, हे खोटं आहे का?”

खोटं नाही. दोनदा आलं होतं.

पंचांपुढे बायबलवर हात ठेवला. म्हटलं, “माझ्या भावाला फेफरं येत असे.” त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान हलवली. पुढचा प्रश्न आलाच नाही. मी वाट बघत होते. एकानं जरी विचारलं असतं, शेवटचं कधी, तर मी खरं सांगितलं असतं. बहुतेक.

बाहेर लेव्हिन उभे होते. इतकं प्रेमानं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. ही शपथ मी गुरुजींसाठी घेतली की त्या नजरेसाठी, हे मला या क्षणी सांगता येत नाही.

६ एप्रिल

निकाल लागला. ईश्वरी इच्छेनं अपघात. कुणाचाही दोष नाही. गुरुजींना हद्दपार केलं.

मला वाटलं, जाताना ते आभार मानतील. मीच गाडीपाशी गेले. त्यांच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं. म्हणाले, “बाईसाहेब, तुम्ही मला वाचवलंत. आणखी कुणाला वाचवलंत, ते एकदा स्वतःला विचारा.”

किती कृतघ्न माणूस! दिवसभर ते बोलणं अंगाला चिकटून आहे.

ड्यूक ओस्वाल्डच्या नावाची घंटा गावातल्या चर्चमध्ये वाजली. आबांचा चुलतभाऊ म्हणून गादी त्यांना गेली. दिवाण टेस्मारच आहेत.

२४ जून

आज माझं लग्न झालं. ड्यूक ओस्वाल्डनी लेव्हिनना टेकडीपलीकडचं ते घर, गिरणी आणि दोन गावं इनाम दिली. पहाऱ्यावर राजा दगावला तरी कप्तानाला इनाम! ड्यूक मनानं मोठे दिसतात.

या घरात यायला मला नको होतं. सांगितलं तसं. लेव्हिन म्हणाले, सवय होईल.

१७ नोव्हेंबर १६१५

किती वर्षांनी ही वही उघडली. मधल्या काळात लिहिण्यासारखं काय होतं? दोन मुलं झाली, दोन्ही नावं ठेवायच्या आधी गेली. लेव्हिन माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. हे लिहायलाच हवं. चांगला नवरा आहे.

आज ते बाहेरून आले ते पांढरेफटक होऊन. किनाऱ्याकडच्या एका गावात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सापडलाय. तो म्हणतो, मी योबस्ट. बर्फाखालून मला कोळ्यांनी वाचवलं. ज्यांची जंगलं गेली ते लाकूडतोडे त्याच्यामागे जमलेत. चारशे माणसं आहेत म्हणे.

माझ्या हातातली पळी पडली. मूर्ख मन! मीच त्याला न्हाऊ घातलं होतं, मीच पेटीत ठेवला होता. तरी क्षणभर, फक्त क्षणभर, वाटलं की असेल.

लेव्हिन येरझारा घालत स्वतःशीच बोलत होते. “शक्य नाही. माझी माणसं अशी अर्धवट कामं करत नाहीत.”

मी विचारलं, “म्हणजे?”

ते थांबले. “म्हणजे, त्यांनीच काढलं ना त्याला पाण्यातून. मेलेला होता, हे त्यांनी नीट बघितलं होतं.”

शिपायांचा त्यांना फार अभिमान आहे. तरीही नंतर त्यांनी काही खाल्लं नाही.

२ डिसेंबर

लाकूडतोड्यांची दाणादाण उडाली. मुलगा पकडला गेला. मला ओळख पटवायला राजधानीत यायचंय. ड्यूकची आज्ञा आहे. त्याचं जवळचं माणूस मीच उरलेय.

५ डिसेंबर

मोठ्या दालनात त्याला आणलं. सगळा दरबार भिंतींना लागून उभा. त्याचे केस पिवळे, योबस्टचे तपकिरी होते. डोळे तर अगदीच वेगळे. बाम धुरावण्याच्या धुराचा वास त्याच्या अंगाला अजून येत होता. ओठ फुटला होता.

त्याला शिकवून ठेवलं असावं. मला बघताच मोठ्यानं म्हणाला, “ताई!”

मी हादरले. त्या शब्दाला सहा वर्षं झाली.

जवळ गेले. विचारलं, “आबा आपल्याला कुठं घेऊन जायचे?” काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. त्यानं थुंकी गिळली. मग कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, “मला नाही माहीत हो. पण हो म्हणा ना. तुमचं काय जातंय?”

खरंच, माझं काय जात होतं?

मान वर केली. लेव्हिन माझ्याकडे बघत होते. दिवाण टेस्मार, आता पार म्हातारे, काठीवर रेलून बघत होते. हो म्हटलं असतं तर? भिंतीला लागून उभे असलेले कितीतरी लोक ते ऐकायला आतुर होते, हे मला दिसत होतं. पण मी त्या पोराकडे बघितलं आणि मला राग आला. माझ्या योबस्टच्या जागी हा का उभा राहावा? त्याचं नाव यानं का घ्यावं?

“हा माझा भाऊ नाही,” मी म्हटलं. “माझा भाऊ मेला.”

तो रडायला लागला. लहान मुलासारखा, नाक ओढत. “मला त्यांनी सांगितलं होतं की जेवायला मिळेल,” असं काहीतरी म्हणत होता. त्याला नेलं.

बाहेर पायऱ्यांवर एक बाई माझ्या अंगावर थुंकली. “दोन गावांसाठी भावाला नाकारलंस, सटवे!”

मी खरं बोलले होते.

९ डिसेंबर

त्याला फाशी दिलं. नाव पाउल होतं. मी गेले नाही. लेव्हिन गेले होते. आल्यावर भरपूर जेवले.

१२ डिसेंबर

आज दुपारी आमच्या फाटकाशी एक बाई येऊन बसली. धुरानं काळवंडलेले हात, पायांना चिंध्या. पाउलची आई, किर्स्टन. किनाऱ्यावरून चालत आली होती. बाकी काही नको, प्रेत द्या म्हणाली.

मी लेव्हिनना सांगितलं. म्हणाले, “कायद्यात बसत नाही. पण तू म्हणतेस तर घेऊन जाऊ दे. चल, मी गाडी काढतो.” लगेच माणसं दिली, कुदळी दिल्या. कुणाचंही वाईट चिंतत नाहीत ते.

फाशीच्या खांबावरून उतरवून त्याला चर्चच्या भिंतीबाहेर पुरलं. जमीन गोठलेली, माणसं खणून खणून घामाघूम झाली. पाद्री आला नाही. किर्स्टननं स्वतःच येईल तेवढी प्रार्थना म्हटली, मधेच विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

माणसं गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. लेव्हिन रस्त्यावर गाडीपाशी थांबले होते. मला वाटलं, ती शिव्या देईल. मी त्यासाठीच थांबले होते.

ती म्हणाली, “तुमचा भाऊ कसा होता?”

हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्याचं मरण सगळ्यांनी विचारलं. मी सांगायला लागले. बडबड्या होता. रुसला की पाठ करून उभा राहायचा. काकडीच्या लोणच्याचं पाणी चोरून प्यायचा. लॅटिन म्हणताना डोळे मिटायचा. सांगता सांगता मला थांबता येईना. ती ऐकत होती, मान हलवत होती, जणू शेजारणीच्या मुलाचं ऐकतेय.

मग म्हणाली, “माझ्या पोराला कुणी मारलं ते मला ठाऊक आहे. त्या लाकूडतोड्यांनी नादी लावून मारलं, तुम्ही बोलून मारलं, आणि त्या दोरीवाल्यानं मारलं. तिघांची तोंडं माझ्या डोळ्यापुढे आहेत. तुमच्या भावाला कुणी मारलं?”

मी तोंड उघडलं. फेफराचं ते वाक्य माझ्या तोंडात कायम तयार असतं. मला ते म्हणायचंच होतं. ते बाहेर येईना.

“हेडविग,” लेव्हिननी रस्त्यावरून हाक मारली, “गारठशील. चल आता.”

किर्स्टननं वळून त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिनं आपला काळा हात माझ्या हातावर ठेवला, आणि जिच्या मुलाला मी मारलं ती बाई हळूच म्हणाली, “अगं आई गं.”

मी जाऊन गाडीत बसले. त्यांनी माझ्या पायांवर घोंगडी घातली, चारी बाजूंनी नीट खोचली, आणि विचारलं, “बरं वाटतंय ना?”

मी हो म्हटलं.